कात्रजच्या वाटेवरची घोंगडी

घोंगडी म्हणजे दख्खनी मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली जाड आणि खरखरीत चादर. ऊन, वारा, पाऊस, थंडी अंगावर घेत दिवसरात्र रानात राहणाऱ्या माणसाचे हे वस्त्र. डोंगरभटकंतीच्या कपड्यांच्या दुकानांत आज जॅकेट, पोंचो, विंडचीटर, स्लीपिंग बॅग, मॅट अशा अनेक वस्तू वेगवेगळ्या मिळतात. दख्खनच्या पठारावर ही सगळी कामे पिढ्यानपिढ्या एकटी घोंगडी करत आली.

पुण्याच्या दक्षिण टोकाचा कात्रजचा घाट ही या वस्त्राचा इतिहास समजून घेण्याची योग्य जागा आहे. पुणे-साताऱ्याचा जुना हमरस्ता, पूर्वेच्या माळावरून पश्चिमेच्या मावळाकडे जाणारा मेंढपाळांचा मार्ग आणि सिंहगडाकडे निघणारी डोंगरवाट या घाटाच्या आसपास एकमेकांना भेटतात. घोंगडी पांघरलेला धनगर आणि पॉलिएस्टरचे जॅकेट घातलेला ट्रेकर या दोघांनीही हीच डोंगररांग तुडवली आहे.

कपड्याचा कच्चा माल कोठून आला, तो कोणी कातला आणि विणला, त्यांच्या पदरात काय पडले, जमीन आणि पाण्याचे काय झाले, हे प्रश्न आज शाश्वतता आणि न्याय्य खरेदी या नावांनी विचारले जातात. घोंगडीच्या बाबतीत त्यांची उत्तरे एकेकाळी बाजाराच्या गावातच मिळत. ती साखळी कशी होती, ती कशी तुटली आणि आता तिचे काय उरले आहे, याचा हा आढावा.

घाट, माळ आणि मेंढरे

सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि तेथून पूर्वेला जावे तसा तो झपाट्याने कमी होतो. माण, फलटण, बारामती, इंदापूर या पट्ट्यात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. अशा कोरड्या, खडकाळ माळरानावर दख्खनी मेंढी तगली. ती आकाराने मध्यम, पायांनी काटक, रंगाने बहुधा काळी किंवा काळी-पांढरी असते आणि खुरट्या गवतावर व काटेरी झुडपांच्या पाल्यावर गुजराण करते.

पावसाळ्यात मेंढपाळ आपल्या गावाकडच्या माळावर असतात. कोरड्या मुलखात मेंढराला चिखल कमी, म्हणून खुरांचे आजार कमी. दिवाळीनंतर चारा संपत आला की वाडे पश्चिमेकडे निघतात. वाडा म्हणजे काही कुटुंबे, त्यांची मेंढरे, ओझ्याची घोडी, कुत्री आणि कोंबड्या. भाताची कापणी झालेल्या मावळात, मुळशीत, भोरकडे आणि काही वाडे घाट उतरून थेट कोकणात जातात. पाऊस सुरू होण्याआधी परततात. रात्री मेंढरे ज्या जाळीच्या कुंपणात कोंडतात तिला वाघर म्हणतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो. त्यांच्या लेंड्या-मुताने जमीन खतावते आणि त्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा रोख रक्कम मिळते. लोकर, मांस आणि खत असे तिहेरी उत्पन्न देणारे हे जनावर शेतीचे सोबती होते.

धनगर समाजात वीसहून अधिक पोटजाती आहेत. हटकर मुख्यतः मेंढपाळ, तर खुटेकर विणकर. ताणा ताणण्यासाठी जमिनीत खुंट रोवत म्हणून खुटेकर, असे या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. त्यांच्याखेरीज सनगर ही घोंगड्या विणणारी स्वतंत्र जात होती. ब्रिटिश अमदानीत जिल्हावार तयार झालेल्या गॅझेटिअरांनी दख्खनच्या जिल्ह्यांतील धनगर आणि सनगर यांच्या व्यवसायाची नोंद केली. विसाव्या शतकात माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांच्या पोटजातींनी निसर्गातली साधने आपसांत कशी वाटून घेतली होती याचा अभ्यास केला. हायडेलबर्ग विद्यापीठातील जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या मेंढपाळांच्या देवांवर मूलभूत संशोधन केले. त्यांचा त्यावरचा जर्मन ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला.

कात्रजचा घाट मात्र लोकांच्या ओळखीचा आहे तो इतिहासातल्या एका रात्रीमुळे. १६६३ साली लाल महालावर छापा घालून शायिस्तेखानाला शासन केल्यावर शिवाजी महाराजांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या दिशेने सोडले आणि पाठलागावर निघालेली फौज भलत्याच वाटेला लावली, अशी परंपरागत कथा आहे. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार तिच्यातूनच आला. पुढे इ.स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तेथले पाणी भुयारी नळाने पुण्यातल्या हौदांपर्यंत आणले. शहराला या डोंगरातून पाणी आले, तशीच माळावरची लोकर आणि घोंगडीही शहराच्या बाजारात येत राहिली.

मेंढीच्या अंगावरून माणसाच्या खांद्यावर

दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. कातरणीआधी मेंढरे ओढ्यात किंवा तळ्यात धुतात, म्हणजे लोकरीतली माती आणि कुसळे निघून जातात. मग मेंढी आडवी करून तिचे पाय बांधतात आणि लांब पात्यांच्या कातरीने पोटापासून पाठीकडे लोकर काढत नेतात. कातरणारा हात कसलेला असला तर कातडीला ओरखडा लागत नाही. कोकराची पहिली कातरणी वेगळी ठेवतात. माणसाच्या बाळाप्रमाणेच कोकराच्या या पहिल्या केसांनाही जावळ म्हणतात. जावळाची घोंगडी सर्वांत मऊ, आणि एका कोकराचे जावळ मूठभरच निघत असल्यामुळे सर्वांत महाग.

एका मेंढीपासून वर्षाला सुमारे अर्धा ते पाऊण किलो लोकर मिळते. घोंगडीचे वजन अडीच-तीन किलोपर्यंत भरते. साफसफाईत होणारी घट धरली, तर एका घोंगडीमागे साधारण पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर लागते. हा हिशेब मेंढपाळाच्या घरात सर्वांना ठाऊक असे, म्हणून घोंगडी कोणी हलक्या हाताने वापरून फेकून देत नसे.

कातरलेली लोकर रंगाप्रमाणे निवडली जाते. काळी, करडी, तपकिरी आणि पांढरी अशा नैसर्गिक छटाच वापरायच्या असल्याने रंगकामाची गरज पडत नाही. काळ्या घोंगडीच्या काठाला पांढऱ्या लोकरीच्या रेघा देतात, तेवढीच तिची नक्षी. निवडलेली लोकर पिंजतात. धनुकलीच्या तातीवर ठोके पडू लागले की गुठळ्या सुटतात, धूळ उडते आणि लोकर ढगासारखी फुलते. मग चरख्यावर किंवा हातातल्या चातीवर सूत काढतात. सुताचे काम मुख्यतः बायकांचे. मेंढरांमागे चालतानाही चाती फिरवणारी माणसे धनगरवाड्यांत दिसत असत.

यानंतर येते खळ. चिंचोके भाजून त्यांची टरफले काढतात, आतला गर दळतात आणि पाण्यात शिजवून त्याची चिकट पेज करतात. अंगणात लांबलचक ताणलेल्या ताण्यावर ही खळ कुंच्याने सारखी फासतात आणि उन्हात वाळवतात. दख्खनी लोकरीचा धागा केसाळ असतो. खळीमुळे त्याचे सुटे केस बसतात आणि मागावरच्या ओढाताणीत तो तुटत नाही. खळ दिलेली नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक लागते, पण वापरता वापरता खळ निघून जाते आणि घोंगडी अंगासरशी होते. चिंचेचे झाड गावोगाव असते, चिंचोके वाया जाणारे. खळीचे उरलेले पाणी जमिनीत ओतले तरी त्यात विषारी काही नसते.

विणकर खड्ड्यातल्या मागावर बसतो. पाय खड्ड्यात, हात जमिनीच्या पातळीवर. धोटा या हातातून त्या हाती जातो, फणीचा ठोका बसतो आणि आडवा बाणा घट्ट होतो. विणून झालेली घोंगडी धुऊन, तुडवून आणि वाळवून घेतली की लोकरीचे तंतू एकमेकांत आणखी गुंततात आणि वीण दाट होते.

पाऊस, वारा आणि घोंगडी

लोकरीचा तंतू दोन परस्परविरोधी वाटणारी कामे एकाच वेळी करतो. त्याच्या बाहेरच्या अंगावर बारीक खवले असतात आणि मेंढीच्या अंगची थोडी चरबी त्यावर राहिलेली असते. त्यामुळे पावसाचा थेंब चटकन आत शिरत नाही. तंतूचा गाभा मात्र वाफ शोषतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी आर्द्रता सामावून घेऊनही हाताला ओलीचिंब लागत नाही, आणि ती शोषताना थोडी ऊब बाहेर टाकते. भिजलेल्या सुती कपड्यात माणूस कुडकुडतो आणि ओलसर घोंगडीत तग धरतो, याचे कारण हे.

पावसात घोंगडीची खोळ करतात. एका बाजूची दोन टोके जुळवून ती डोक्यावर घेतली की टोपीसारखा घोंगता तयार होतो आणि उरलेला भाग पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत लोंबतो. भातलावणीत वाकून काम करणारी माणसे बांबू आणि पानांचे इरले वापरत. जनावरांमागे चालणाऱ्याला मात्र वाऱ्यात न उडणारी घोंगडीच बरी पडे. रात्री तीच खाली अंथरायची किंवा वर पांघरायची. नुकते जन्मलेले कोकरू तिच्यात गुंडाळून न्यायचे, खळ्यावर तिच्यात धान्य बांधायचे, बाजारात तिच्यावर माल मांडायचा. बरीच वर्षे वापरून विरली की तिचे तुकडे घोड्याच्या पाठीवर ओझ्याखाली घालायचे. शेवटी जे उरे ते मातीत कुजून जाई, कारण लोकर हे प्रथिन आहे.

तिच्या मर्यादाही उघड आहेत. ती जड असते, नवी असताना टोचते आणि एकदा पुरती भिजली की दुप्पट ओझे होऊन कित्येक दिवस वाळत नाही. निकालात न निघणाऱ्या प्रकरणाला मराठीत ‘भिजत घोंगडे’ म्हणतात, ते घोंगडीचा हा स्वभाव ओळखूनच.

धनगरांच्या आणि खंडोबा-बिरोबाच्या भक्तांच्या घरी घोंगडीला पूजेत जागा आहे. तळी भरताना, जागरणात आणि लग्नविधीत ती अंथरली जाते आणि तिच्यावर भंडारा उधळला जातो. संतांच्या रचनांत आणि गौळणींत कृष्णाच्या खांद्यावर कांबळे आहे, आणि घोंगडी हे देहाचे रूपकही झाले आहे. राजापासून गुराख्यापर्यंत सर्वांना परिचित असलेल्या या वस्तूला भाषेतही असे मानाचे स्थान मिळाले.

देवघेवीची रीत

घोंगडीच्या व्यवहारात मेंढपाळ, कातरणारा, पिंजारी, सूत काढणारी, विणकर आणि गिऱ्हाईक हे सगळे साधारण एका बाजाराच्या परिघात राहत. मेंढपाळ लोकर विकून किंवा लोकरीच्या बदल्यात घोंगडी घेऊन व्यवहार करी. विणकर आठवडी बाजारात आणि जत्रांत आपला माल स्वतः मांडी. विरळ विणीची घोंगडी विकणाऱ्याला पुढच्या बाजारात त्याच गिऱ्हाइकाला तोंड द्यावे लागे. आज प्रमाणपत्रे आणि तपासणीचे अहवाल जे काम करू पाहतात, ते तेथे ओळखीने होत असे.

कच्चा माल घेताना देणाऱ्याचा विचार करावा, ही जाण मराठी राज्यकारभारातही लेखी आलेली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे नियम आहेत. आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही, म्हणून ती तोडू नयेत. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच झाले तर धन्याला राजी करून आणि मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. झाड कोणी वाढवले, ते वाढायला किती काळ लागला आणि धन्याची संमती आहे का, हे तीन प्रश्न न्याय्य खरेदीचा पाया आहेत. घोंगडीच्या लोकरीलाही ते तसेच लागू पडतात.

जुनी व्यवस्था सर्वार्थाने न्याय्य होती असे मात्र म्हणता येत नाही. सूत काढण्याचे सर्वांत वेळखाऊ काम बायका करत आणि ते घरकामातच मोजले जाई; त्याची वेगळी मजुरी क्वचितच हाती येई. धंदा जातीला बांधलेला होता, त्यामुळे विणकराच्या मुलाला पर्याय नव्हता. जवळीक होती म्हणून फसवणूक कमी होती, पण जवळीक म्हणजे समता नव्हे. आज हा धंदा पुन्हा उभा करायचा झाला तर सुताच्या मजुरीपासून सुरुवात करावी लागते, याचे कारण या इतिहासात आहे.

साखळी कशी तुटली

पहिला घाव चराईवर बसला. १८७८ च्या वनकायद्यानंतर मोठी राने राखीव झाली आणि मेंढरांच्या वाटांवर परवाने, दंड आणि बंद्या आल्या. त्याच सुमारास नीरेच्या खोऱ्यात भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा झाला. बारामती-इंदापूरचा कोरडा माळ हळूहळू ओलिताखाली आला, पुढे उसाने भरला. शेतीला पाणी मिळाले आणि मेंढराचे गायरान आक्रसले.

दुसरा घाव गिरण्यांनी घातला. कानपूरला १८७६ मध्ये लोकरीची गिरणी निघाली. ठाण्याची गिरणी १९२५ मध्ये रेमंड वूलन मिल झाली. १९४४ मध्ये सिंघानिया कुटुंबाने ती घेतली तेव्हा तिचा मुख्य माल जाडीभरडी ब्लँकेटे हाच होता. पुढे अशा गिरण्या परदेशी मेरिनो लोकरीकडे वळल्या. मेरिनोचा तंतू साधारण २४ मायक्रॉनहून बारीक असतो, तर दख्खनी लोकरीचा त्याच्या दीडपट ते दुप्पट जाड. सूटिंगच्या यंत्राला दख्खनी लोकर चालत नाही, म्हणून देशात मेंढरे असूनही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची लोकर आयात होऊ लागली. १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला आणि हातसुताची लोकरी वस्त्रे खादीच्या व्याख्येत आली. त्यामुळे काही विणकर संस्थांना आधार मिळाला, पण घटत्या मागणीला तो पुरेसा नव्हता.

तिसरा आणि निर्णायक घाव कृत्रिम धाग्यांचा. नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३५ मध्ये आणि टेरिलीनचा इंग्लंडमध्ये १९४१ मध्ये लागला. महाराष्ट्रात रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला सुरू झाला. बोरघाटाच्या पायथ्याशी निघालेला तो धागा आणि प्लास्टिकचा रेनकोट यांनी खेड्यापाड्यातला पावसाळा बदलून टाकला. प्लास्टिकचा कागद इरल्याच्याही जागी आला. थंडीसाठी पानिपतची ब्लँकेटे आली. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, पुन्हा पिंजून तेथे शॉडी नावाचे सूत काढतात. टाकाऊ कपड्यांचा पुनर्वापर म्हणून हा उद्योग उपयोगी असला, तरी हातसुताच्या घोंगडीला त्याच्या किमतीशी टक्कर देता येणे शक्य नव्हते.

चौथा बदल मेंढीतच झाला. लोकरीला भाव राहिला नाही आणि मटणाला वाढत गेला, तसा मेंढपाळ मांसल मेंढीकडे वळला. १९७८ साली स्थापन झालेल्या राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळानेही मेंढपाळाचे उत्पन्न वाढवण्यावर भर दिला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतले जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. मेंढपाळाच्या दृष्टीने हे हिताचेच होते. पण लोकर हे आता मुख्य उत्पन्न राहिले नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त झाली आणि मेंढीला त्रास होऊ नये एवढ्यासाठीच कातरणी होऊ लागली. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळांची लोकर आज बांधावर टाकली जाते.

डोंगरवाटांवरचे नवे कपडे

याच काळात कात्रजच्या डोंगरावर दुसऱ्या प्रकारची माणसे वाढली. गो. नी. दांडेकरांनी मराठी वाचकाला किल्ल्यांची ओढ लावली. मुंबईत १९५४ मध्ये गिरिविहार आणि पुण्यात १९८२ मध्ये गिरिप्रेमी या संस्था निघाल्या. पहिल्या पिढ्यांच्या भटक्यांकडे हंटर बूट, सॅक आणि घरची घोंगडी किंवा चादर एवढेच सामान असे. आता कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळच्या वाघजाई मंदिरापासून सिंहगडापर्यंतची वाट पुण्यातल्या तरुणांची आवडती रात्रभ्रमंती झाली आहे. लोकांच्या मोजणीत या वाटेवर तेरा टेकड्या येतात. त्या चढून-उतरून जाणाऱ्याच्या पाठीवर तीन किलोची घोंगडी नको असते; त्याला पाव किलोचे जॅकेट हवे असते.

हे हलके कपडे जागतिक संशोधनाचे फळ आहेत. गोर-टेक्सचा आधार असलेले ताणलेले पीटीएफई १९६९ मध्ये अमेरिकेत तयार झाले. लोकरीसारखी ऊब देणारे पॉलिएस्टरचे फ्लीस १९७९ च्या सुमारास माल्डन मिल्सने विकसित केले. १९९३ पासून प्लास्टिकच्या बाटल्या वितळवूनही फ्लीस होऊ लागले. त्यांनी गिर्यारोहण सुरक्षित केले, यात शंका नाही.

त्यांची किंमत दुसरीकडे मोजली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्क ब्राउन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात कृत्रिम धाग्याच्या एका कपड्यातून एका धुण्यात १,९०० हून अधिक तंतू सुटू शकतात असे दिसले. ते तंतू सांडपाण्यातून समुद्रकाठापर्यंत पोहोचलेले सापडले. पाणी झटकणाऱ्या लेपांतली पीएफएएस रसायने निसर्गात जवळजवळ नष्ट होत नाहीत, म्हणून कॅलिफोर्नियाने २०२५ पासून कपड्यांत त्यांचा वापर रोखण्याचा कायदा केला. आणि २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली, तेव्हा कोणत्या दुकानातला कपडा कोणत्या छताखाली शिवला जातो, याचा माग अनेक कंपन्यांनाही लावता आला नाही. लोकरही यातून सुटली नाही. मेरिनो मेंढीच्या शेपटीजवळची कातडी कापण्याच्या पद्धतीवर टीका झाली आणि मेंढीची निगा व जमिनीची काळजी तपासणारे ‘रिस्पॉन्सिबल वूल स्टँडर्ड’ २०१६ मध्ये आले.

लोकरीकडे परतताना

गेल्या काही वर्षांत दख्खनी लोकरीकडे पुन्हा लक्ष वळले आहे. पशुवैद्यक महिलांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘अंथ्रा’ या संस्थेने पुण्यातून मेंढपाळ, दख्खनी मेंढी आणि लोकरीचे काम यांवर दीर्घकाळ काम केले. काही तरुण उद्योजक विणकरांकडून घोंगड्या घेऊन शहरांत विकू लागले आहेत. बैठकीच्या सतरंज्या, योगासनाच्या चटया, नमद्यासारखे दाबलेले लोकरी कापड, पिशव्या असे नवे उपयोगही शोधले जात आहेत. जाड तंतू हा सूटिंगसाठी दोष असला, तरी चटईसाठी तो गुण आहे.

बाजार वाढला की नक्कलही येते. अॅक्रिलिक मिसळलेली, यंत्रावर विणलेली चादर घोंगडी म्हणून विकली जाते. ओळखण्याचा जुना उपाय सोपा आहे: कडेचा एक धागा काढून जाळावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ती आक्रसते आणि उरलेली काळी राख बोटात चुरगळते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. पण हा धागा सच्चेपणाची निम्मीच परीक्षा देतो. त्या सुतासाठी बाईला काय मजुरी मिळाली, लोकरीला मेंढपाळाला भाव मिळाला की ती फुकट उचलली, विणकराच्या मुलाने हा माग स्वतःहून धरला की नाइलाजाने, हे धागा जाळून कळत नाही. त्यासाठी दुकानाला ही माहिती मिळवावी लागते आणि गिऱ्हाइकाला ती विचारावी लागते.

चराईचा प्रश्नही दुकानाशी जोडलेला आहे. माळरान हा गवताचा, तणमोराचा, लांडग्याचा आणि मेंढराचा अधिवास आहे. त्याला पडीक समजून झाडे लावली किंवा प्लॉट पाडले, तर घोंगडीची लोकर येणार कोठून? पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पासारख्या परक्या झाडांची लागवड झाली, तेथे गवत मागे हटले. दख्खनी लोकरीची घोंगडी विकणाऱ्या दुकानाचे हित म्हणूनच मोकळ्या माळरानात आणि मेंढरांना खुल्या असलेल्या वाटांत आहे.

ट्रेकरच्या हलक्या जॅकेटची जागा घोंगडी घेणार नाही, तसे अपेक्षितही नाही. मुक्कामी, तंबूत, घरात आणि थंडीच्या रात्री ती आजही तितकीच उपयोगी आहे. जॅकेट आणि घोंगडी दोन्हींना लागू पडेल अशी कसोटी मात्र या इतिहासातून हाती येते. वस्त्र कोणत्या जनावराच्या किंवा कारखान्याच्या धाग्याचे आहे, ते कोणी कातले आणि विणले, प्रत्येकाला काय मिळाले आणि वापरून संपल्यावर ते कोठे जाणार, हे विकणाऱ्याला सांगता आले पाहिजे. माण-फलटणच्या बाजारात घोंगडी विकणाऱ्या विणकराला ते न विचारताही सांगता येत असे.